मूल बोलतं का हे विचारता, आई झोपते का तेही विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एप्रिल आला की ऑटिझमवर (मराठीत स्वमग्नता म्हणतात) पेपरात दोनचार लेख येतात, २ एप्रिलला जागतिक दिवस असतो म्हणून, कुठे निळे दिवे लावतात, एखादं मूल सुंदर चित्र काढतं किंवा कीबोर्ड वाजवतं त्याचा फोटो येतो. ते यावंच, मी सगळं वाचते. पण माझा नातू ऑटिस्टिक आहे, दहा वर्षांचा, आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो, आणि या लेखांत मला एक गोष्ट कधी सापडत नाही. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत त्या मुलाला स्वतःचं स्वतः काय काय करता येतं, जे येत नाही ते कोण करतं, आणि जी करते तिची तब्येत कशी आहे. म्हणून हे पत्र लिहितेय. लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा.

मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. आता रिटायर आहे, वेळ आहे, वाचायची सवय सुटत नाही, भाची कॉलेजात शिकवते ती मला इंग्रजीतले अभ्यास काढून देते आणि अडलं तिथे समजावते. त्यातून आणि घरात रोज जे दिसतं त्यातून मला जे कळलंय ते सांगते.

मुलाची तपासणी होते तेव्हा बुद्धी मोजतात, ऑटिझम किती आहे ते मोजतात, आणि तिसरं एक मोजायचं असतं त्याला अडॅप्टिव्ह बिहेव्हियर म्हणतात. म्हणजे रोजचं जगणं निभावण्याची कौशल्यं. दात घासणं, अंघोळ, शी-शू ची सवय, भूक लागली हे दुसऱ्याला कळेल असं सांगणं, रांगेत थांबणं, रस्ता क्रॉस करणं, दुकानात पैसे देऊन सुटे परत घेणं. हे मोजायची सगळ्यात जुनी पट्टी अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या व्हाइनलँड गावच्या संस्थेत एडगर डॉल यांनी १९३५ मध्ये बनवली, आणि भारतातल्या मुलांसाठी ती बसवून घेतली आपल्या नागपुरात, फादर मालिन यांनी. आजही आपल्याकडच्या हॉस्पिटलांत ती वापरतात. यात मुलाला टेबलावर बसवून परीक्षा घेत नाहीत, आईवडिलांना विचारतात की घरी हा रोज खरोखर काय करतो. करू शकेल का हा प्रश्नच नाही, करतो का एवढंच. मला शिक्षिका म्हणून हे फार पटलं कारण शाळेत आम्ही उलटं करायचो, पेपरात लिहिलं म्हणजे आलं.

आता ऑटिस्टिक मुलांमध्ये काय होतं, ज्यांची बुद्धी चांगली आहे त्यांचाही या कौशल्यांचा स्कोर बुद्ध्यांकापेक्षा बराच खाली असतो, आणि वय वाढतं तसं हे अंतर बऱ्याच जणांत वाढत जातं कारण वयाप्रमाणे जगाच्या अपेक्षा वाढतात. आमचा नातू मराठी धडाधड वाचतो, दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटलीवरचा मजकूर, सगळं. पाहुणे बघतात आणि म्हणतात अगं हा तर हुशार आहे, काही नाही झालेलं याला. पण संडासला जाऊन आल्यावर स्वतः नीट धुवून घेणं त्याला नवव्या वर्षापर्यंत जमत नव्हतं. पाहुण्यांना पाट्या वाचलेल्या दिसतात, दुसरं फक्त माझ्या सुनेला दिसायचं, दिवसातून तीनदा, शाळेतून फोन आला की अर्ध्या दिवसाची रजा टाकून.

ऑटिस्टिक मुलांच्या आयांवरचा ताण हा इतर दिव्यांग मुलांच्या आयांपेक्षाही जास्त असतो हे अनेक अभ्यासांत परत परत आलेलं आहे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात मोठ्या झालेल्या ऑटिस्टिक मुलामुलींच्या आयांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल तपासलं, हे ताणाशी संबंधित हार्मोन आहे, तर त्यांची पातळी इतर आयांपेक्षा कमी निघाली, म्हणजे जे लोक वर्षानुवर्षं ताणात राहतात त्यांच्या शरीरात जसं होतं तसं. मला वाटलं होतं वाढलेली निघेल. पण फार काळ ताण राहिला की शरीराची ती यंत्रणाच मंदावते म्हणे. हे वाचून मी बराच वेळ सुनेकडे बघत होते. ती भाजी चिरत होती.

मग प्रश्न येतो की हा ताण नेमका कशातून येतो. ऑटिझम या निदानातून? ऑटिझमचा स्कोर जास्त म्हणून? तर २००६ मध्ये जवळजवळ ३०० मुलांवरचा एक अभ्यास आहे त्यात असं निघालं की ताण सगळ्यात जास्त जोडलेला आहे तो मुलाच्या वागण्यातल्या त्रासाशी, म्हणजे मारणं, चावणं, स्वतःचं डोकं आपटणं, किंचाळणं, आणि रोजच्या कौशल्यांचा ताणाशी फारसा संबंध त्यांना दिसला नाही. त्याआधी २००४ च्या दुसऱ्या अभ्यासात मात्र दोन्ही दिसले, वागण्याचा त्रासही आणि कौशल्यं कमी असणंही. तज्ज्ञांत अजून यावर एकमत नाही. पण मला घरात बसून असं वाटतं की या दोन गोष्टी वेगळ्या मोजता येतात तरी घरात त्या वेगळ्या राहत नाहीत. ज्या मुलाला पोटात दुखतंय हे सांगता येत नाही ते मूल किंचाळतं. ज्याला "थांब, मला नको" म्हणता येत नाही ते ढकलतं. कार आणि ड्युरांड या दोन संशोधकांनी १९८५ मध्येच दाखवलं होतं की मुलाला त्याची गरज सांगायचा एक सोपा मार्ग शिकवला, मदत हवी, ब्रेक हवा, एवढं जरी, तरी तो त्रास बराच कमी होतो. म्हणजे कौशल्य आलं की वागणं बदलतं आणि वागणं बदललं की आईला श्वास घेता येतो. चाळीस वर्षं झाली या गोष्टीला आणि आपल्याकडे अजून नातेवाईक म्हणतात एक फटका द्या सरळ होईल.

आणि हे उलट्या बाजूनेही चालतं. त्याच २००६ च्या अभ्यासात वर्षभराने परत पाहिलं तेव्हा मुलाचं वागणं आईवडिलांचा ताण वाढवत होतं आणि आईवडिलांचा ताण मुलाचं वागणं बिघडवत होता, दोन्ही एकमेकांना. ब्रिटनमधल्या २००८ च्या अभ्यासात तर असं दिसलं की ज्या घरात पालकांचा ताण खूप होता तिथे लहान वयात सुरू केलेल्या शिकवणीचा फायदा कमी झाला. कारण समजायला अवघड नाही. सकाळी पावणेसात वाजलेत, साडेसातला व्हॅन, मूल बटण लावायला पाच मिनिटं घेतंय, रात्री दोन ते चार तो जागा होता म्हणून तुम्हीही जाग्या होतात. तुम्ही काय कराल? स्वतः लावून द्याल. मीही तेच करेन. त्यात आईचा दोष नाही पण मुलाची शिकायची ती संधी गेली, उद्याही जाईल, आणि असं करत करत मूल बारा वर्षांचं होतं तरी कपडे आईच घालते.

दोष हा शब्द लिहिला म्हणून एक सांगायलाच हवं. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझमबद्दल सविस्तर लिहिलं, त्यानंतर कित्येक वर्षं डॉक्टर म्हणायचे की आई थंड स्वभावाची, माया न करणारी, म्हणून मूल असं झालं. बर्नार्ड रिमलंड नावाचे मानसशास्त्रज्ञ, ज्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता, त्यांनी १९६४ मध्ये हे खोडून काढलं. तिकडे ते हळूहळू मागे पडलं. आपल्याकडे मात्र लग्नाकार्यात अजून ऐकू येतं, आई नोकरी करते ना, मोबाईल दिला असेल, गरोदरपणात टेन्शन घेतलं असेल. माझ्या सुनेला माझ्यासमोर हे बोललेत लोक आणि मी त्यांना तिथल्या तिथे गप्प केलंय. आईच्या ताणामुळे ऑटिझम होत नाही. ताण नंतर येतो, आणि तो कमी करणं हे मुलाच्या उपचाराचाच भाग आहे, एवढंच मला म्हणायचंय.

आमच्याकडे बदल झाला तो टी-शर्टपासून. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं करायला शिकवणाऱ्या बाईंनी सुनेला सांगितलं की शेवटून शिकवा. म्हणजे टी-शर्ट डोक्यातून, हातातून सगळा तुम्ही घाला, फक्त पोटावरून खाली ओढायचं त्याला करू दे, आणि ते केलं की लगेच शाबासकी. ते पक्कं झालं की त्याच्या आधीची पायरी त्याच्याकडे, एक हात बाहीत घालायचा. मग दुसरा हात. मग डोकं. याचा फायदा असा की प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून संपतं, त्याला जमलं असं वाटतं, अर्ध्यात सोडून मोठ्यांनी पूर्ण केलं असं होत नाही. आधी मानेजवळची लेबलं कापून टाकली कारण ती टोचायची म्हणून तो कपडेच फेकायचा, आम्हाला वाटायचं हट्ट. मग तीच पद्धत बाथरूममध्ये, भिंतीवर पायऱ्यांचे फोटो लावले, त्याच्याच हातांचे, पाणी, साबण, पाणी, टॉवेल, चड्डी वर. टूथपेस्ट बदलली, पुदिन्याची जहाल होती त्याला. किती महिने गेले ते मोजले नाहीत पण गणपतीत सुरू केलं आणि पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तो रात्री एकटा उठून संडासला जाऊन धुवून परत झोपायला लागला. सुनेला पहिल्यांदा सलग सहा तास झोप मिळाली. तिचं डोकं दुखायचं थांबलं, माझ्या मुलाशी तिची रोजची भांडणं कमी झाली, आणि मुख्य म्हणजे ती त्याच्याशी खेळायला लागली, नुसतं त्याचं आवरत बसायची ते बंद झालं. त्याच्या बोलण्यात फार फरक नाही पडलेला, ऑटिझमचा स्कोर परत काढला तर तोच येईल. तरी घर बदललं.

हे शिकवायचं ते त्याला "नॉर्मल" दाखवण्यासाठी नाही हेही स्पष्ट लिहिते. तो खुश झाला की हात हलवतो, गोल फिरतो, कोणाचं काही बिघडत नाही त्याने, ते बंद करायला आम्ही त्याच्यामागे लागत नाही आणि कोणी लागू नये. स्वतःचं अंग स्वतः धुता येणं हा त्याचा मान आहे. तो उद्या विशीचा होईल, तेव्हा दुसऱ्या कोणी त्याच्या अंगाला हात लावायची वेळ येऊ नये, त्यात त्याची सुरक्षितताही आहे. आणि मुलासमोर "याच्यामुळे आमचं असं झालं" हे कोणी बोलू नये. न बोलणाऱ्या मुलांनाही सगळं ऐकू येतं.

आता थेरपी सेंटरांबद्दल. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत आता भरपूर झालीत, आमच्या भागात पाऊण तासाचे हजाराच्या आसपास घेतात, आठवड्यातून तीनचार वेळा म्हटलं तर मध्यमवर्गीय घराचा अर्धा पगार गेला. काही ठिकाणी फार मनापासून काम करतात. पण आम्ही आधी एका ठिकाणी जायचो तिथे आई बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, दार बंद, आणि शेवटी वहीत लिहून यायचं, कलर्स डन, शेप्स डन, गुड सेशन. कलर्स आणि शेप्स त्याला तीन वर्षांचा असतानाच यायचे. घरी काय अडतंय हे कोणी विचारलं नाही, आणि सुनेला तू कशी आहेस हे तर नाहीच. दिव्यांगत्वाच्या सरकारी सर्टिफिकेटसाठी ऑटिझम मोजायची जी आयसा ही भारतीय पट्टी वापरतात, २००९ ची, तिच्यात ४० प्रश्न आहेत, सगळे मुलाबद्दल, ते बरोबरच आहे कारण ती त्यासाठीच आहे. पण पूर्ण प्रवासात एकाही कागदावर आईचा रकाना नाही याचं मला वाईट वाटतं. पालकांचा ताण मोजायच्या प्रश्नावल्या जगात चाळीसेक वर्षं वापरात आहेत. दर सहा महिन्यांनी वीस मिनिटं लागतील.

बापांबद्दलही लिहायला हवं. माझा मुलगा महापेला कंपनीत आहे, सकाळी आठला जातो रात्री आठला येतो, थेरपीचे पैसे त्यालाच उभे करायचेत, तो काही बोलत नाही आणि बोलत नाही म्हणून कोणी विचारत नाही. रविवारी सकाळी अंघोळ आणि उपवनला चक्कर हे त्याचं काम असं आम्ही ठरवून टाकलं, त्यामुळे सुनेला चार तास मिळतात आणि बापलेकाचंही काहीतरी आपलं असं होतं. हे ज्यांच्याकडे आजीआजोबा आहेत, दोन कमावते आहेत त्यांचं. ठाण्याजवळ दिवा किंवा कळव्याला दहा बाय बाराच्या खोलीत एकटी आई असेल, चार घरची कामं करणारी, तिने काय करायचं? आणि आपल्या ठाण्यात सणासुदीला स्पीकरच्या भिंती लागतात, ज्या मुलाला कुकरची शिट्टी सहन होत नाही त्याचं दहीहंडीच्या दिवशी काय होत असेल आणि त्या रात्री त्या आईचं काय होत असेल, हे मंडळांच्या पोरांनी एकदा येऊन बघावं, ती पोरं वाईट नाहीत, त्यांना माहीत नाहीये.

सुनेने नोकरी सोडली नाही याचा मला अभिमान आहे पण ती खाजगी नोकरीत आहे. केंद्र सरकारी नोकरीतल्या आईला मुलांच्या संगोपनासाठी एकूण ७३० दिवस रजा मिळते आणि मूल दिव्यांग असेल तर त्याच्या वयाची अटही नाही. एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हिमाचलमधल्या सरकारी कॉलेजच्या एका प्राध्यापिकेच्या केसमध्ये सांगितलं की दिव्यांग मुलाच्या आईला अशी रजा नाकारणं हे स्त्रियांच्या कामावर असण्याच्या घटनात्मक हक्काच्या आड येतं. तिथलं मूल ऑटिस्टिक नव्हतं, हाडांचा आजार होता त्याला, पण मुद्दा तोच आहे. खाजगीतल्या आयांसाठी काय? ठाणे बेलापूर पट्ट्यातल्या आयटी कंपन्यांनी निदान वेळेची सवलत आणि थेरपीच्या दिवशी घरून काम एवढं तरी द्यावं, खर्च शून्य आहे.

आता महापालिकांकडे मागणं. दिव्यांग मुलांसाठी ठाणे महापालिकेची जिद्द शाळा आहे, नवी मुंबई महापालिकेचं वाशीला ईटीसी केंद्र आहे, दोन्हीचं कौतुक आहे, अशी गोष्ट चालवणाऱ्या महापालिका फार नाहीत. पण शहरांच्या लोकसंख्येकडे बघा, डब्ल्यूएचओच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजाने साधारण १२७ माणसांत एक ऑटिस्टिक असतं, मग एक केंद्र किती पोरांना पुरं पडणार. म्हणून सगळं तज्ज्ञांवर सोडून चालणार नाही. शेजारी गोव्यात संगत या संस्थेने, आणि पाकिस्तानात रावळपिंडीला, असा प्रयोग झालाय की तज्ज्ञ नसलेल्या पण नीट ट्रेनिंग दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन पालकांना मुलाशी कसं जोडून घ्यायचं ते शिकवलं, २०१६ मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत छापून आलं, मुलं स्वतःहून संवाद सुरू करायला लागली होती. डब्ल्यूएचओचा पालकांसाठी तयार कोर्स आहे, नऊ ग्रुप सेशन आणि तीन घरभेटी, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी, आणि त्यात पालकांनी स्वतःची काळजी कशी घ्यायची हेही आहे. आपल्या आशाताई आणि अंगणवाडीताई आधीच कामाने वाकल्यात, त्यांच्यावर फुकट टाकू नका, वेगळं मानधन देऊन वेगळ्या बायका नेमा, याच मुलांच्या ज्या आया आता थोड्या सावरल्यात त्यांनाच घ्या, त्यांच्याइतकं कोणाला कळणार.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तो आपल्या पालघरमधून, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. त्यात मुलांच्या वाढीतला उशीर आणि ऑटिझम शोधून पुढे पाठवायचं आहे. शोधून पाठवतानाच आईची झोप, तिचं मन, घरात दुसरं कोण आहे, हे तीन प्रश्न जोडा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या योजनांत काही दिवस मुलाला विश्वासाच्या ठिकाणी ठेवून पालकांना विसावा देणारी समर्थ (आता समर्थ-कम-घरौंदा) नावाची योजना आहे, सांभाळणारे तयार करणारी सहयोगी आहे, एक लाखापर्यंतचा निरामय आरोग्य विमा आहे. आमच्या ग्रुपमधल्या किती आयांना मी ही नावं पहिल्यांदा सांगितली! ही माहिती मराठीत प्रभाग कार्यालयाच्या बोर्डावर लागायला काय हरकत आहे, आणि प्रत्येक प्रभाग समितीच्या हद्दीत महापालिकेच्या शाळेचे दोन वर्ग शनिवारी दुपारी या मुलांसाठी उघडले, ट्रेनिंग घेतलेल्या दोन ताया ठेवल्या, तर तेवढे चार तास त्या दिवा-कळव्याच्या एकट्या आईला मिळतील. शाळा मी आतून बघितल्यात, शनिवारी दुपारी वर्ग रिकामे असतात.

तुम्हालाही एक मागणं आहे. पुढच्या वेळी ऑटिझमवर लेख छापाल तेव्हा शेवटी एक चौकट द्या, ठाणे आणि नवी मुंबईत सर्टिफिकेट कुठे मिळतं, यूडीआयडी कार्डाला, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राला, काय कागद लागतात, निरामयचा फॉर्म कसा भरायचा, पालकांच्या मानसिक आरोग्यासाठी कुठे जायचं. मराठीत, मोठ्या टाइपात. लागली तर माहिती गोळा करायला मी आणि आमच्या ग्रुपमधल्या आया येऊ, दुपारी दोननंतर कधीही, तेव्हा मुलं शाळेत असतात.

आपली,
एक आजी, वर्तकनगर, ठाणे (प.)